व्यत्यय

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. तुम्ही कुशीवर आडवे आहात, एका उशीवर डोकं आणि दुसऱ्या उशीला टेकवून मोबाइल तिरका उभा केलाय. त्या वीतभर काचेत मुंबईतला एक रिकामा उड्डाणपूल आहे आणि त्यावरून एक तरुण मोटरसायकलवर अतिशय सावकाश चाललाय. त्याच्या कानात इअरफोन आहेत. मागे तानपुरा लागलाय आणि तानपुऱ्यावर एका वयस्क बाईंचा आवाज गाण्यातल्या साधनेबद्दल बोलतोय. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. सगळे म्हणतात बघ, म्हणून तुम्ही तो तिसऱ्या रात्री बघताय. अजून निम्मा व्हायचाय.

इतक्यात वरून एक पट्टी सरकते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, उद्या पाण्याचा टँकर येणार का. अंगठा तिकडे जातो, 'हो' लिहितो, परत येतो. तेवढ्यात बाई काय बोलून गेल्या, ते निसटलं. तुम्ही दहा सेकंद मागे नेणारा गोल बाण दाबता. पुन्हा दाबता. अंगठा काही केल्या उचलत नाही. दहा सेकंद, दहा मिनिटं, दहा वर्षं. उशी मऊपणा सोडते.

पाठीला बाकाची कड टोचते. समोर पांढरा पडदा आहे, पण त्याच्यापुढे एक गोरी बाई नाचतेय. ती जाते तर एक माणूस आडवा होऊन पायांवर वस्तू झेलून दाखवतो. हे गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर. आज शनिवार, ३ मे १९१३.

"हरिश्चंद्र केव्हा सुरू होणार?" तुम्ही शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थांना विचारता.

"होईल हो. आधी हे बघून घ्या, पैसे ह्याचेही मोजलेत." ते पान जुळवत सांगतात, की हलतं चित्र त्यांना काही नवं नाही. १८९६च्या जुलैत वॉटसन हॉटेलात रुपया मोजून लोकांनी साहेबाची चित्रं पाहिली होती. पण ती साहेबाची. आज आपला राजा दिसणार, आपली तारामती.

दिवे मालवतात. तारामती दिसते, आणि ती साळुंके नावाचा पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी हसत नाही. चित्राला आवाज नाही, पण खोलीला आहे. मधल्या पाट्या हिंदीत आणि इंग्रजीत. मागच्या बाकावरचा एक शाळकरी पोरगा त्या वाचतो आणि आजूबाजूच्यांना मराठीत सांगतो. ह्या चित्रासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी घरात बसून फिल्मला भोकं पाडली आणि वर सगळ्या मंडळींना रांधून घातलं. सुरतेला हेच चित्र घेऊन जातील तेव्हा लोक म्हणतील, नाटक सहा तास चालतं, तुमचं हे एवढंसं. मग फाळके जाहिरात करतील: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे!

तुम्हाला मघाची उशी आठवते. चित्रपट लावण्याआधी तुम्ही पहिलं काय पाहिलं होतं? किती मिनिटांचा आहे ते, आणि त्यातली किती उरलीत. इथे लांबी हा माल आहे. तुमच्याकडे ती अडचण झालीय.

रीळ संपतं, झपकन उजेड होतो, आणि त्या उजेडात बाक नाहीसा होतो.

आता तुम्ही मातीवर बसला आहात. खाली कुणाचं तरी घोंगडं आहे, वर कापडी छत, चारी बाजूंना कनात. माणदेशातल्या एका जत्रेची रात्र, १९६०च्या आसपासची. दिवसभर बैलांचा बाजार झालाय, धूळ अजून बसलेली नाही. बाहेर लाउडस्पीकरवर माणूस घसा फोडून ओरडतोय: हंसा वाडकर, जयश्री गडकर, 'सांगत्ये ऐका', चला, चला! पुण्याच्या विजयानंदला जो शंभराहून जास्त आठवडे चालला, तो चित्रपट इथवर यायला पेटीतून, एसटीच्या टपावरून, ट्रकमधून आलाय. प्रिंटवर इतके ओरखडे आहेत की गोष्टीत ऊन असो नसो, पडद्यावर पाऊस पडतोय.

प्रोजेक्टर एकच आहे. म्हणून दर रिळानंतर अंधार होतो आणि तंबूत एकदम बाजार भरतो. बिड्या पेटतात, पोरं लघवीला पळतात, एक आजी नातसुनेला विचारते, "ती रडली का गं मघाशी?" आणि नातसून सगळं पहिल्यापासून सांगते. तिकडे ऑपरेटर घामाघूम होऊन कार्बनच्या कांड्या जुळवतोय. त्याचा हात चुकला, की तंबू शिट्ट्यांनी भरतो. सगळ्या गावाची करमणूक ह्या एका माणसाच्या दोन बोटांत आहे. तो थांबवेल तेव्हा थांबायचं.

तुमच्या शेजारी एक कडबावाला बसलाय. तो तुम्हाला न विचारता शेंगांची पुडी तुमच्यापुढे करतो. लावणी सुरू होते तसे त्याच्या खांद्याचे स्नायू हलायला लागतात. तुमचेही हलतात. त्याच्यामुळे, की लावणीमुळे, हे तुम्हाला वेगळं करता येत नाही. तमाशातल्या बाईचं दुःख पडद्यावर आलं तेव्हा तंबूतला गलका आपोआप खाली बसला. कुणी 'शांत बसा' म्हटलं नव्हतं. हे कसं झालं ते विचारायला तुम्ही तोंड उघडता, तोच जनरेटर खोकतो आणि बंद पडतो.

अंधार. मग रस्त्यावरचे दिवे, ट्रॅफिक, दादर. १९७१.

कोहिनूर थिएटरच्या बाहेर गर्दी आहे, पण ही गर्दी तिकिटाची नाही. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' इथे लागायला हवा, आणि थिएटरला देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावायचाय. मराठी चित्रपटाला पडदा मिळेना तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर आले, आणि 'सोंगाड्या' लागला, ही गोष्ट महाराष्ट्रात पुढे पन्नास वर्षं सांगितली जाणार आहे. तुम्ही आत शिरता. पडद्यावरचा भोळाभाबडा नाम्या लोकांना हसवून लोळवतोय. गिरणीतून थेट आलेल्या माणसांच्या सदऱ्यांना सुताचा वास आहे.

पण तुमचं लक्ष राहून राहून दाराकडे जातं. तंबूत तुम्हाला वाटलं होतं, सिनेमा ऑपरेटरच्या हातात असतो. इथे कळतं, की त्याच्याही आधी एक हात आहे: कोणता चित्रपट आत येणार आणि कोणता पायरीवरून परत जाणार, हे ठरवणारा. चांगला की वाईट, हा प्रश्न त्या दाराशी विचारलाच जात नाही. विचारतात तो प्रश्न असा: शुक्रवारी दुसरं काय येतंय?

मध्यंतराची घंटा होते. तुम्ही वडा घ्यायला उठता आणि एका चाळीच्या गॅलरीत पोहोचता.

दाराशी चपलांचा ढीग आहे, पंचवीस-तीस जोड तरी. दार कुणाचं, हे विचारायची पद्धत नाही. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांचं दार शनिवारी सगळ्यांचं. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतरचं हे आठवं-नववं वर्ष. लाकडी खोक्याची सरकती दारं उघडलेली आहेत, आत करडं चित्र. पुढे पोरं जमिनीवर, मागे बायका, खाटेवर आजोबा, आणि पुरुष दाराच्या चौकटीला टेकून, 'आम्ही काही बघत नाही हं' अशा चेहऱ्यानं सगळं बघतायत. शनिवारचा मराठी चित्रपट. उद्या हिंदी.

"काकू, जरा डोकं खाली घ्या," कुणीतरी म्हणतं आणि काकू बसल्या बसल्या आणखी बसतात.

चित्रपट रंगात आलाय. नायिकेनं पत्र उघडलं, आणि चित्र गेलं. पडद्यावर एक पाटी उभी राहते: व्यत्यय. खोलीभर 'अरेरे'. एक जण टीव्हीला थापट मारतो, दुसरा गच्चीवर अँटेना फिरवायला धावतो आणि वरून ओरडतो, "आलं का?" खालून पंचवीस कंठ: "नाही!" पाटी जाते, पत्र वाचून झालेलं आहे. मग त्या पत्रात काय असेल, यावर चाळीत चर्चा सुरू होते आणि तेवढ्यात बातम्यांची वेळ होते. चित्रपट मध्येच तोडून बातम्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सरकारी खोका आहे, सरकारच्या वेळेनं चालणार.

तुम्ही आजोबांना विचारता, "थिएटरला जात नाही का आता?"

"जातो ना. तिकडे सिनेमा बघायला जायचं. इथे सगळे जण काय म्हणतात ते बघायला यायचं." ते चष्मा पुसतात. "दोन्हीकडे पडद्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात म्हणा."

चाळीवरून पुढची वर्षं भराभर जातात. ८२च्या आशियाई खेळांबरोबर टीव्हीत रंग भरतो. मग कुणीतरी व्हीसीआर भाड्यानं आणतं, एका रात्रीत तीन कॅसेट, पहाटे तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटाला जागे फक्त दोघं. त्या रात्री पहिल्यांदा तुमच्या हातात थांबवायचं बटण येतं. तुम्ही ते दाबता आणि नायक हवेत उडी मारताना थरथरत अडकून राहतो. सगळे हसतात. ऑपरेटर, थिएटरमालक, दूरदर्शन, ह्या सगळ्यांच्या हातातली गोष्ट तुमच्या हातात आली आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही. पुन्हा दाबा, पुन्हा दाबा, म्हणून पोरं मागे लागतात.

गार हवा. एसीची. एप्रिल २०१५, मॉलचा चौथा मजला, पॉपकॉर्नला तिकिटाइतके पैसे. राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट 'प्राइम टाइम'ला दाखवायला सांगितलंय आणि त्यावरून वर्तमानपत्रांत धुळवड चाललीय. म्हणजे कोहिनूरचं दार चौथ्या मजल्यावर आलं, एवढंच. त्याच महिन्यात ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट 'कोर्ट' लागलाय, व्हेनिसहून दोन बक्षिसं आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ घेऊन आलेला. तुमच्या रांगेत चौघं आहेत. एक जण मध्येच फोन काढतो, चेहरा निळा होतो, फोन आत जातो. अजून लाज शिल्लक आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबरात, तिकडे अमेरिकेत नेटफ्लिक्स 'बीस्ट्स ऑफ नो नेशन' हा चित्रपट एकाच दिवशी थिएटरांत आणि घरांत आणते. चार मोठ्या थिएटर-साखळ्या तो लावायला साफ नकार देतात. एकेकाळी टपालानं डीव्हीडी पाठवणारी ही कंपनी, २००७पासून इंटरनेटवरून इतरांचे चित्रपट दाखवू लागली; पण इतरांचा माल इतर जण कधीही परत मागू शकतात. मग स्वतःचा हवा. आणि त्या मालाचा हिशेब निराळा: तिकीट खपायला नको, ग्राहकानं पुढच्या महिन्याची वर्गणी बंद करू नये, म्हणजे झालं.

ह्या हिशेबाची जाहीर मारामारी बघायला तुम्ही आता फ्रान्समध्ये आहात. १९ मे २०१७, कान महोत्सवातली सकाळ, पत्रकारांनी भरलेलं मोठं थिएटर. गेल्याच वर्षी इथे 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' दाखवला गेला, महाराष्ट्रातल्या त्याच तंबूंवरचा माहितीपट. तुमच्या त्या ऑपरेटरचे वारस ह्या गावच्या पडद्यावर येऊन गेलेत. आज बोंग जून-हो यांचा 'ओक्जा' आहे. सुरुवातीला नेटफ्लिक्सचं नाव झळकतं आणि सभागृहात हुर्यो उठते. फ्रान्सच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे थिएटरात लागलेला चित्रपट वर्गणीच्या ऑनलाइन सेवेवर यायला छत्तीस महिने थांबावं लागतं. कंपनीला थांबायचं नाही, थिएटरवाल्यांना कायदा सोडायचा नाही. परीक्षकांचे अध्यक्ष पेद्रो आल्मोदोवार यांनीही मोठ्या पडद्यावर न दिसणाऱ्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळू नये, असा सूर लावलाय.

चित्र सुरू होतं. थोड्याच वेळात पुन्हा आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या. तुम्हाला वाटतं, अजून राग गेला नाही. मग दिसतं: माणसांची डोकी कापली जातायत. वरचा पडदा पुरता उचललाच गेलेला नाही. मोठ्या पडद्याच्या काशीत मोठा पडदाच नीट उघडलेला नाही! काही मिनिटं तसंच चालतं, मग प्रोजेक्शन थांबतं, दिवे लागतात, आणि चित्रपट पहिल्यापासून सुरू होतो. महोत्सव चूक कबूल करून माफी मागतो. तुम्ही त्या उजेडात बसून हसता. शेजारचा फ्रेंच पत्रकार बघतो, पण त्याला माणदेशातला जनरेटर कसा समजावणार?

पुढच्या वर्षापासून कानचा नियम लागू होतो, स्पर्धेतल्या चित्रपटाला फ्रान्समधल्या थिएटरात यावंच लागेल. नेटफ्लिक्स पाठ फिरवते. म्हणून आल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' व्हेनिसला जातो आणि सप्टेंबर २०१८मध्ये तिथला सुवर्णसिंह जिंकतो. त्याचं मेक्सिकोत चित्रीकरण चालू असताना ताम्हाणे तिथे शिष्य म्हणून हजर होते. आणि दोन वर्षांनी, २०२०मध्ये, ताम्हाणेंचा 'द डिसायपल' त्याच व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत, क्वारोन कार्यकारी निर्माते, पटकथेचं पारितोषिक. मराठी चित्रपट, शास्त्रीय गायकाची गोष्ट, नायकाच्या भूमिकेत स्वतः गाणारे आदित्य मोडक. तो विकत घेतला कुणी? नेटफ्लिक्सनं. 'बीस्ट्स'ही तयार झाल्यावर घेतलेला, 'रोमा'ही. काही चित्रपट ह्या कंपनीसाठीच घडवले गेले. पण सर्वांत नावाजलेल्या कित्येक चित्रपटांच्या बाबतीत ते ठळक नाव दत्तकविधानातलं आडनाव आहे. वाढवलं एकानं, नाव लागलं दुसऱ्याचं. त्यात रडण्यासारखं काही नाही. दारात उभं राहून कोहिनूरच्या पायऱ्या मोजण्यापेक्षा दत्तक बरं, असं आईबापांना वाटू शकतं.

आता खोली ओळखीची आहे. तुमचीच. ३० एप्रिल २०२१. दार बाहेरून लोटलेलं, दाराशी जेवणाचं ताट, त्यावर झाकण. अंगात ताप उतरणीला लागलाय. बाहेर अँब्युलन्स जाते, मग दुसरी. राज्यातली थिएटरं पुन्हा बंद झालीत. आज 'द डिसायपल' आलाय आणि महाराष्ट्रात तो बघायला फक्त घरं उघडी आहेत.

तुम्ही विसरला होतात ना, हा चित्रपट तुम्ही आधी पाहिलाय? ह्याच खोलीत, लॅपटॉपवर, एका बैठकीत. दोन तासांहून थोडा मोठा. तेव्हा तुम्ही एकदाही थांबवला नाहीत, कारण थांबवून जायचं कुठे? गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड गात होते, नायक शरद नेरुळकरचा सूर लागता लागता राहत होता, आणि रात्रीच्या पुलांवरून माईंचा आवाज येत होता. गोष्टीतल्या ह्या माईंनी आयुष्यभर आपलं ध्वनिमुद्रण होऊ दिलं नाही. जे उरलं ते कुणी चोरून टेप केलेलं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. 'दोघी'वाल्या, 'कासव'ला सुवर्णकमळ मिळवणाऱ्या. त्या अकरा दिवसांपूर्वी, १९ एप्रिलला, पुण्यात गेल्या होत्या. तुम्ही आवाज वाढवला होतात. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "कोण बोलतंय रे आत?"

उशी. मऊ. अकरा वाजून सत्तावीस मिनिटं. अंगठा अजून बाणावर आहे.

तुम्ही तो उचलता आणि चित्रपटाला चालू देता. ऑपरेटर नाही, थिएटरमालक नाही, बातम्या नाहीत. सगळे हात बाजूला झालेत आणि तुमचा एकच उरलाय. ज्याला सर्वांत जास्त धीर लागतो तो चित्रपट सर्वांत उतावीळ हातात येऊन पडलाय. ग्रुपवर टँकरची चर्चा वर सरकत राहते, तुम्ही वाचत नाही. शेजारी कडबावाला नाही, कुणी शेंगा पुढे करत नाही, त्यामुळे गप्प बसायचं काम तुम्हाला एकट्याला करावं लागतंय. जमतं. अवघड जातं, पण जमतं.

शेवटी लोकलचा डबा येतो. एक माणूस गात गात डब्यातून चाललाय, आणि त्याला थांबवायचं बटण कुणापाशीच नाही. शरद बसून आहे. चित्र काळं होतं, आणि नावं सरकायला लागतात.

लागलीच सगळी नावं आक्रसून एका कोपऱ्यात जातात. उरलेल्या काचेवर दुसऱ्याच चित्रपटाचं रंगीत पोस्टर, आणि खाली आकडे: पाच, चार. म्हणजे आणखी एक हात आहेच. हा पाटी लावत नाही आणि दिलगीरही होत नाही.

तीन.

तुम्ही कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या चौकटीवर अंगठा ठेवता. पोस्टर निघून जातं, नावं पुन्हा काचभर मोठी होतात आणि खालून वर चढू लागतात. अक्षरं बारीक आहेत. तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ आणता आणि भाव्यांचं नाव येईपर्यंत वाचत राहता.